वामनरावांच्या करगोट्याची किल्ली

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. उंद्रीच्या हायस्कुलात, ऑफिसमधल्या काचेच्या कपाटात राहतो. मधल्या सुटीत तुम्ही काचेला नाक लावून मला बघता. एरवी मी गप्प असतो, पण काल जे घडलं ते मला सहन होत नाही.

महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती. शाळेचे कागद मराठीत टाइप करून हवेत, म्हणून संस्थेचे अध्यक्ष वामनराव यांनी मला अकोल्याहून आणलं. एसटीत मांडीवर घेऊन आणलं! गावात मला कुंकू लागलं. मग पोरं हात लावतील म्हणून त्यांनी मला लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

मला चालवणारा माणूस मात्र मिळेना. तेव्हा वामनरावांनी धाडच्या दयारामना गाठलं. दयाराम लग्नं जुळवायचे आणि त्याच ओळखींवर कुणाला मास्तर, कुणाला कारकून मिळवून द्यायचे. त्यांनी एकामागून एक दोघांना आणलं. वामनरावांनी प्रत्येकाला गाव, सोयरे, शेती विचारली आणि टाक देऊन अक्षर काढून दाखवायला सांगितलं. मशीन कुठं आहे विचारलं, की म्हणायचे, "आधी रुजू व्हा. नवी वस्तू हाय, कोणालेबी दाखवत नसतो."

दोघंही दुपारच्या एसटीने परत गेले. मी पेटीत सगळं ऐकत होतो, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

पावसाळ्यात पेटीत ओल शिरली. माझ्या कळा अडकू लागल्या. वामनराव म्हणाले, "पोळ्यापर्यंत माणूस नाही भेटला तर मशीन वापस." गंजलेल्या यंत्राचे दुकानात सुटे भाग करतात, हे मला ठाऊक होतं. मी फार घाबरलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दयाराम कोकिळाबाईंना घेऊन आले. त्या लोणारच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. टायपिंग अकोल्याला आत्याकडे राहून शिकलेल्या. दयारामनी त्यांच्यासाठी स्थळ काढलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, नवरा नका पाहू, नोकरी पाहा. त्या घरात जीव घुसमटून राह्यला माझा."

"बाई?" वामनराव चमकले. तरी नेहमीसारखा त्यांनी अक्षर पाहायला टाक पुढे केला.

दयाराम भडकले. "पोरगी न दाखवता सोयरीक होते का? अन् तुमी मशीन न दाखवता माणूस मांगून राह्यले! ते दोघं काऊन पळाले, मले आता समजलं. उघडा पेटी, नाही तर मी चाललो."

वामनराव भिंतीकडे तोंड करून किल्ली सोडवू लागले. गाठ सुटायला बराच वेळ लागला.

उजेड आत आला. कोकिळाबाईंनी घासलेट मागितलं आणि माझी एकेक कळ पुसली. मग कागद लावून त्यांनी ओळभर पुन्हा पुन्हा स्वतःचं नाव उमटवलं. ओळ संपताना माझी घंटी वाजली आणि त्या रडल्या.

वामनरावांनी कागद दोनदा वाचला. "पोळा झाला की या," म्हणाले, आणि किल्ली कोकिळाबाईंच्या हातावर ठेवली.

पस्तीस वर्षं त्यांनी मला कुलूप लावलं नाही. त्या निवृत्त झाल्या, कॉम्प्युटर आला आणि मी हार घालून या कपाटात बंद झालो. वर पाटी लागली, हात लावू नये.

काल त्या आल्या होत्या. पाठीत वाकलेल्या, भावाच्या नातीच्या दाखल्यासाठी. शिपायाला म्हणाल्या, "याले जरा उघडता का?"

"किल्ली हेडसरांपाशी हाय, आजी. सर बुलढाण्याले गेले."

त्या एसटीच्या वेळेपर्यंत थांबल्या. जाताना त्यांनी काचेवर बोटं ठेवली आणि हलवली. कोणतं बोट कुठं पडतं ते मी ओळखतो. त्या आपलं नाव लिहीत होत्या.

मित्रांनो, तुम्ही माझी काच रोज पुसता, त्याबद्दल मी आभारी आहे. पण कुलपात ठेवलेली वस्तू जपली जात नाही, मित्रांनो, ती नुसती कोंडली जाते. दाखला तयार नव्हता, त्या सोमवारी पुन्हा येणार आहेत. तोवर सरांकडून किल्ली मागून ठेवाल ना?