पानाची शेवटची ओळ

मी एक जुनी व्हिओला आहे. “म्हणजे व्हायोलिनच ना?” असं तुम्ही विचारणारच, मित्रांनो. सगळेच विचारतात. मी तिची थोरली बहीण. अंगाने जरा मोठी, आवाजाने खालची. सध्या मी अमेरिकेत, नेपरव्हिलच्या एका घरात, देवघराशेजारच्या खुंटीवर असते. माझ्यावर आता तारा नाहीत. म्हणून माझी गोष्ट मला न वाजताच सांगावी लागतेय.

माझं माहेर स्पेनचं. तिथे उत्तरेला, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात एक चिमुकला प्रांत आहे. तिथल्या लोकांनी एकदा ठरवलं, की गावाला रस्ता लागतो, दवाखाना लागतो, तसं संगीतही लागतं. मग अडुसष्ट वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. चोवीस वर्षांची इन्मा त्यातली एक. पहिल्या तालमीला तिने मला हनुवटीखाली धरलं, आणि पुढची तेहतीस वर्षं मी तिथेच राहिले.

आमचं काम काही राजवाड्यातलं नव्हतं, बरं का. बसमधून गावोगाव जायचं. कधी शाळेच्या जिममध्ये वाजवायचं, कधी मासळीबाजाराच्या शेडमध्ये. आधी ओबो, म्हणजे सनईसारखं एक वाद्य, एक लांब सूर धरून ठेवायचा, आणि आम्ही सगळे त्याला तारा जुळवायचो. त्या क्षणी पहिल्या रांगेतल्या कोळणीसुद्धा बोलायच्या थांबायच्या.

आमच्यात दोघांना मिळून, स्वरलिपीचे कागद ठेवायला एक स्टँड असतो. त्यातल्या आतल्या, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूच्या वादकाने पान उलटायचं, असा रिवाज. इन्मा आतल्या बाजूची. पान संपत आलं, की ती मला खाली घ्यायची आणि हात कागदाकडे न्यायची. शेजारचा वाजवत राहायचा. त्यामुळे गावोगाव वाजवलेल्या आमच्या त्या लाडक्या संथ रचनेतली पहिल्या पानाची शेवटची ओळ मी कधीच वाजवली नाही. तेहतीस वर्षांत एकदाही नाही.

मग प्रेक्षक कमी झाले. एका वर्षी प्रांताच्या सरकारचं पत्र आलं आणि ऑर्केस्ट्रा बंद झाला. अडुसष्ट खुर्च्या एका गोदामात गेल्या. इन्मा मला घेऊन लेकीकडे नेपरव्हिलला आली आणि मुलांना शिकवू लागली.

तिथे आली रुही. तेव्हा ती आठ वर्षांची होती, हातात माझ्याहून लहान व्हिओला. इन्माचा तिच्यावर फार जीव. रुही तेरा वर्षांची झाली, हात लांब झाले, तशी इन्मा मला तिला देऊन टाकायला तिच्या घरी घेऊन आली. रुहीच्या आईला, विनीताला, म्हणाली, “माझा डावा कान गेलाय. उजवाही चाललाय. हिला मी जन्मभर हनुवटीखालून ऐकलं. एकदा समोर बसून, रुहीच्या हातून ऐकायचंय. ती शेवटची ओळसुद्धा.”

“जानेवारीत आम्ही इंडियातून आलो की पहिल्या रविवारी,” विनीताने शब्द दिला.

निघायच्या दिवशी घरात बॅगांचा गोंधळ होता. विनीताने माझी पेटी उघडली, तर आत एक हिरवी रबरी नळी. हात लावला तर ओली!

“अगं बाई! लाकडात ओल?”

“आई, लीव्ह इट! मिस इन्माने ठेवलंय ते.”

“स्पेनमध्ये चालत असेल. अलिबागला आजोबांची हार्मोनियम ओलीने कशी फुगायची, मी बघितलंय. सूर अडकून बसायचे.”

“तिला विचार तरी!”

“अगं, टॅक्सी दाराशी आलीये!” रुहीचे बाबा शैलेंद्र खालून ओरडले. “आणि पेटी बेसमेंटमध्ये नको हं, गारठेल.”

विनीताने नळी काढून टाकली. बुटांच्या खोक्यांतून जपून ठेवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या माझ्याभोवती रचल्या. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी मला शालीत गुंडाळून देवघरापाशी ठेवलं. तिथे जमिनीतून हीटरची गरम हवा येते. “देवाजवळ राहा गं, ऊब आहे,” म्हणाली आणि माझ्यावरून हात फिरवला. तो हात फार मायेचा होता, मित्रांनो. म्हणूनच मला तो अजून विसरता येत नाही.

बाहेर बर्फ, आत कोरडी गरम हवा. पाच आठवडे. माझं पाणी त्या ओल्या नळीतच होतं; मला तहान लागली. आधी खुंट्या सैल झाल्या. तारा ढिल्या पडल्या आणि त्यांना उचलून धरणारी घोडी आडवी झाली. माझ्या पोटात बोटभर लाकडाची एक काठी उभी असते. स्पेनमध्ये तिला आत्माच म्हणतात. तीही पडली. मग एका दुपारी माझी छाती वरपासून खालपर्यंत तडकली. ऐकायला फक्त देव होते.

जानेवारीत सगळे परतले आणि मला दुरुस्ती करणाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, “चिकटवता येईल. पण हा आवाज पुन्हा येणार नाही.”

रविवारी इन्मा आली. निळा ड्रेस घालून, मैफलीला आल्यासारखी. विनीताने पेटी उघडून तिच्यापुढे ठेवली. इन्माने एक पुडी उचलून पाहिली.

“मी... मला वाटलं, ओल...” विनीता रडू लागली.

“तू हिला वाचवत होतीस,” इन्मा हळूच म्हणाली.

“मी माझ्या छोट्या व्हिओलावर वाजवू?” रुहीने विचारलं.

इन्माने नकारार्थी मान हलवली. तिने स्टँडवर त्या संथ रचनेचे कागद लावायला सांगितले, रुहीला रिकाम्या हातांनी बाहेरच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः आतल्या बाजूला बसली. मला मांडीवर घेतलं. ओठांनी मात्रा मोजत राहिली. कोणीच वाजवत नव्हतं, खोलीत हीटर तेवढा घुमत होता. शेवटची ओळ आली, आणि सवयीने तिचा हात उठला. तिने पान उलटलं.

तीन महिन्यांनी तिचा उजवा कानही गेला.

मित्रांनो, ज्याच्यावर माया करता, त्याला काय सोसतं ते आधी विचारा. त्याला विचारता येत नसेल, तर त्याला ओळखणाऱ्या माणसाला विचारा. टॅक्सी दाराशी आली असली तरी विचारा.

विनीता आता रोज दिवा लावते, आणि माझ्या खाली पाण्याची वाटी भरून ठेवते. ती कधी चुकत नाही. मला मात्र आता तहान लागत नाही.