मागून निघालेला थर

“मागचा थर पुढच्यापेक्षा संथ, असं छापलंय सर,” टायपिस्टबाईंनी मुद्रिताचा कागद प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर धरला. “मग तो पुढच्याला गाठणार कसा?”

पंधरा दिवसांपूर्वी प्राध्यापकांची वाचा गेली, उजवा हातही. हा त्यांचा शेवटचा लेख; डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. आज पाचच्या आत तो तपासून छापखान्याकडे परत पाठवायचा होता. विभागातले लोक म्हणाले होते, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. पण सव्वीस वर्षं त्यांचं गिचमिड अक्षर लावता लावता बाईंच्या डोक्यातही थोडंफार उतरलं होतं.

दुपारचं ऊन इस्पितळाच्या चादरीवर पसरलं होतं. त्या उन्हात प्राध्यापकांची डावी तर्जनी सावकाश पुढे सरकली. मागून अंगठा झपकन आला आणि तिला भिडला.

“मागचा वेगवान. बरोबर?”

त्यांनी डोळे मिटून उघडले. बाईंनी ‘संथ’ खोडून ‘वेगवान’ लिहिलं.

“कसले थर हो?” उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नींनी विचारलं. “चाळीस वर्षं विचारतेय. तुला नाही कळायचं, म्हणायचे.”

बाईंनी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते बायकोकडे बघत होते.

“मोठा तारा मरतो ना, तेव्हा त्यातून लोट सुटतात, एकामागून एक; तेच हे थर. जवळजवळ उजेडाच्याच वेगाने. पण मागचा एखादा जरा जास्त वेगात असतो, तो पुढच्यावर आदळतो. त्या धक्क्याने बारीक बारीक कण चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि गॅमा किरण फेकतात. काही सेकंदांचा झगमगाट.”

“आणि मग विझतं?”

“लगेच नाही. लोट पुढे जातात, आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळत मंदावतात. त्याचा फिकट उजेड कित्येक दिवस, कधी महिनेही दिसत राहतो.”

“किती लांब असतं हे?”

“उजेड इथवर यायला अब्जावधी वर्षं लागतात.”

ऊन चादरीवरून भिंतीवर चढलं.

“म्हणजे केव्हाच होऊन गेलेलं बघत बसायचे हे,” पत्नी हळूच म्हणाल्या. “आणि मी जेवायला हाका मारायचे.”

प्राध्यापकांच्या ओठांची डावी कड किंचित हलली. हसू असावं.

साडेचारला बाई उठल्या. “पाठवून येते.”

“या. अजून विचारायचंय मला. यांच्यादेखतच.”

दारातून बाईंनी वळून पाहिलं. पत्नींनी शेजारच्या खाटेपाशी रिकामी असलेली खुर्ची उचलून आणली होती. पदराने पुसून ती त्या आपल्या खुर्चीला लागून ठेवत होत्या.