अप्पांचे दोन, भाईंचे पाच

अप्पांनी एक्स-रेची पहिली प्लेट खिडकीपुढे धरली, डोळे बारीक केले आणि कागदावर स्पष्टपणाचे पाचापैकी दोन गुण टाकले. पाच त्यांनी जन्मात कुणाला दिले नव्हते. पाच द्यायचे ते एका देव रामेश्वराला!

पलीकडच्या खोलीत त्याच प्लेटला भाईंनी पाच देऊन टाकले. अहो, हे व्हायचंच होतं. मालवणातले हे दोन म्हातारे डॉक्टर. बाजारात अप्पांनी सुरमई ताजी म्हटली की भाईंना तिचा वास यायचा.

मुंबईहून मशीन घेऊन आलेल्या डॉक्टर शुभदाबाईंनी संध्याकाळी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला.

"मशीन कसं लावलं की फोटो स्पष्ट येतो, ते तुमच्या गुणांवरून ठरवायचंय. दोन जाणत्यांचंच जुळत नसेल तर मी काय ठरवणार? उद्या पुन्हा बघा. नाही जुळलं, तर मशीन परत मुंबईला."

अप्पांना आपली जुनी पेशंट मथुरा आठवली. खोकून खोकून अर्धी झालेली ती बाई छातीच्या एका फोटोसाठी एसटीने कोल्हापूरला कशी जाणार? घरी जाता जाता त्यांनी ठरवलं, मान गेला खड्ड्यात. उद्या भाईसारखे गुण द्यायचे.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी जिवावर उदार होऊन चार-पाचांची खैरात केली. दर पाचाला मनातल्या मनात रामेश्वराची माफी मागितली.

शुभदाबाईंनी कागद उलगडले. भाई या खेपेला दोनाच्या वर चढलेच नव्हते.

"मेल्या, ह्या काय केलंस?" अप्पा ओरडले.

"तुझ्यासारखे गुण दिलंय! मशीन मुंबईक जाऊक नको, हंयच रवाक व्हया म्हणान!" भाईही तेवढ्याच जोराने ओरडले.

शुभदाबाई हसू दाबत प्लेटा मांडू लागल्या. आधी अप्पांना आवडलेल्या एका बाजूला, उरलेल्या दुसऱ्या बाजूला. मग भाईंच्या. मग कालच्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"माझंच चुकलं. मी नुसते आकडे बघत बसले. एकाचा हात आखडता, दुसऱ्याचा सढळ, एवढाच काय तो फरक. कुठली प्लेट सरस आणि कुठली फिकी, हे दोघांचंही, कालही आणि आजही, अगदी एक आहे. मशीन इथेच राहील."

अप्पांनी सुटकेचा श्वास टाकला. मथुरेला उद्याच बोलवायला हवं. मग एकदम ते थबकले.

"एक म्हणजे? माझं आणि ह्याचं?"

"अगदी एक, अप्पा."

"छॅ! बाई, परत तपासा. काहीतरी चूक आहे."

"शंभर टक्के चूक!" भाई गरजले.