ठसका लागतो, वास येत नाही

"सर, नाक बहिरं होतं का?"

योगितानं विचारलं आणि रनाळ्याच्या शाळेचा अख्खा हॉल फिस्सकन हसला. कान-नाक-घशाचे डॉक्टर तपासणीला आले होते. शेवटी "काही शंका?" म्हणाले, तशी वर्गातल्या शीलानं मागून चिमटा काढला होता, "हिंमत शे तं इचार!" हिंमत योगिताकडे पोत्यानं होती. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर ती भिंतीशीसुद्धा वाद घालायची. पण या प्रश्नाच्या पोटात काटा होता. शाळेची खिचडी तिची आई, सरलाबाई, शिजवायची. मागच्या आठवड्यात खिचडी करपली. वास पार नववीच्या वर्गापर्यंत पोचला, शेगडीशी उभ्या सरलाबाईंना तेवढा पोचला नाही. तेव्हापासून शीलाचं एकच पालुपद, "तुन्ही मायनं नाक बहिरं व्हई गय का व?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"होतं. ताप, सर्दीनंतर काहींचा वास जातो. कोरोनात तर कितीजणांचा गेला. तेव्हापासून जगभर यावर संशोधन चाललंय." मग त्यांनी उपाय सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं, हुंगताना तो वास मनात आठवायचा. असं कित्येक महिने. काहींचं नाक पुन्हा शिकतं.

"काहींचंच?"

"सगळ्यांचं नाही."

"पण मिरचीनं शिंका येत असतील, तर नाक चांगलंच ना?"

"नाही गं. मिरची झोंबते. झोंबणं एका नसेला कळतं, वास दुसरीला. कोणाला होतंय हे?"

"कोणाला नाही, सर. जनरल नॉलेज," असं म्हणून योगिता मटकन खाली बसली. शीलानं पाठीवर थाप मारली. पण योगिताला जिंकल्यासारखं काही वाटेना.

कारण त्यांच्या घरात नाकाची परीक्षा एकच, मिरची. बाप हेमराज नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला. दिवसभर लाल मिरच्या उन्हात पसरायच्या, उलथवायच्या. तो घरी आला की त्याच्या कपड्यांनी मांजरसुद्धा शिंकायचं. योगितानं विषय काढताच त्यानं एक सुकी मिरची सरलाबाईंच्या नाकाखाली मोडली. फटाफट चार शिंका.

"दख! नाक कसं बंदूकना मायक चाली ऱ्हायनं!"

"आबा, ते झोंबनं शे. वास नई."

"मिरचीमा काम तुन्हा डाक्टर करस का मी करस?"

योगितानं कपाळावर हात मारला.

योगितानं औषधाच्या रिकाम्या, तपकिरी बाटल्या धुतल्या, आतलं बाहेरून दिसू नये म्हणून. लिंबू घरचं, लवंग घरची, निलगिरीचं तेल मेडिकलमधून. अडलं ते गुलाबापाशी. आईनं आठवायचा तरी कुठला गुलाब? तिच्या जन्मात एकच, लग्नातला, आणि तोही प्लास्टिकचा! मग चौथ्या बाटलीत योगितानं घरचा काळा मसाला भरला. तो तर आई लहानपणापासून भाजत, कुटत आलेली.

आणि सुरू झाला रोजचा छळ.

"कसा वास शे, माय?"

"चांगला शे."

"चांगला म्हंजे कसाना?"

"चांगला म्हंजे चांगला व! भाकरी टाकू दे मले."

योगिता पाय आपटायची. डॉक्टरांनी धीर धरा म्हटलं होतं. डॉक्टरांना काय जातं म्हणायला! त्यांना काही सरलाबाईंना सकाळी धरून बसवायचं नव्हतं. मिरचीचा हंगाम सरत आला, पथारीवरचे लाल ढीग कमी झाले, आणि एका सकाळी आई चक्क म्हणाली, "लिंबू." मग, "मसाला." मग रोजच बरोबर. योगिता अंगणात नाचली. शीलाला तिनं वाटेत गाठून ऐकवलं, "मन्ही मायनं नाक तुन्हा कानपेक्षा तेज शे!"

तो आनंद आठवडाभरसुद्धा टिकला नाही. त्या दिवशी लवंगेची बाटली योगितानं धुऊन ठेवली होती, भरायची राहिली. घाईत तीच आईच्या हातात गेली. सरलाबाईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"लवंग. आज तं भलती तेज शे."

योगितानं बाटली उलटी धरली. आत काही नव्हतं. लिंबू, मसाला, लवंग, निलगिरी. रोज याच क्रमानं आपणच तर देत होतो. आईनं वास नाही, क्रम पाठ केला होता.

"माय, खोटं बोलनी तू?"

"तुले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन, बेटा."

"मले बरं वाटाले?" योगिताचा आवाज चिरकला. "मले कसाले? वास तुले याले पाहिजे!"

सरलाबाईंनी पदराचं टोक पिळलं. मग हळूच म्हणाल्या, "परवदिन शाळामा गॅस चालू ऱ्हायना व्हता. मले समजनं नई. काडी मन्हा हातमा व्हती. कौसाबाईनी वरड पाडी म्हनीसन..." कौसाबाई म्हणजे त्यांच्या जोडीची स्वयंपाकीण.

शेजारी न्याहारी करणाऱ्या हेमराजच्या हातातला घास तसाच राहिला. पण बोलला ते दुसरंच. "ही बाहेर बोलानी गोष्ट नई. काम जाई."

"आनि पोरे?" योगिता म्हणाली. "तठे पोरे बठेल ऱ्हातस, आबा!"

योगिताला काहीतरी फोडावंसं वाटलं. फोडण्याजोगं घरात काही नव्हतं. सरलाबाईंनी रिकाम्या बाटलीला झाकण लावलं, घट्ट, सांडू नये असं.

योगितानं डोळे पुसले.

"सकाळे मी हेडसरकडे जाई ऱ्हायनी. मायले वास येत नई, हाई सांगसू. माय भाजी चिरी, वाढी, बाकी बठ्ठं करी, पन गॅसजवळ कौसाबाईच ऱ्हाई. त्यास्नी मायले काढी टाकं, तं तठेच भांडसू मी." मग ती आईकडे वळली. "माय, तू संगे उनी तं बरं. नई उनी, तं मी एकटी जासू."