मामंजींचं नाव

खिंडीत थंडी वाजली म्हणून हीटर फुल्ल करायला मामंजींनीच सांगितलं होतं. खाली उतरल्यावर बेर्मेत आणि तिची सासू झऱ्यावर पाणी भरायला उतरल्या आणि मागच्या सीटवर डुलकी काढणाऱ्या मामंजींना बघून गाडीला वाटलं, चोर शिरला. तिने चारी दारं लावून टाकली. हीटर मात्र चालूच.

बाहेर जुलैचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बेर्मेतने दगड घातला, तर काचेवर ओरखडाही नाही. नवरा रशियात, कामावर, फोन बंद. गाडी त्यानेच पाठवलेली, बापाच्या नावावर. शेवटी तिने गाडीच्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर.

"आत एक गृहस्थ आहेत," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "वजन ब्याण्णव किलो. नाडी फार जलद चाललीय."

"मग उघड ना, बाई."

"मालकाचं नाव सांगा. तुमच्या सुरक्षेसाठी."

बेर्मेतने सासूकडे पाहिलं. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं? लग्नाला अकरा वर्षं झाली, मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

"अपा, तुम्ही सांगा."

"मी नवऱ्याचं नाव घेऊ?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तेही परक्या पोरीसमोर?"

आत मामंजी काचेवर टोपी आपटत ओरडत होते.

"ते स्वतःच सांगतायत बघ, ऐक," बेर्मेत फोनवर म्हणाली.

"ऐकू येतंय. पण गाडीतला माइक ऐकण्यासाठी आहे, हुकूम घेण्यासाठी नाही. नाव नको तर दुसरा प्रश्न. दर शुक्रवारी दुपारी ही गाडी कुठे उभी असते?"

"मशिदीपुढे," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "नमाज चुकवत नाहीत ते."

"चूक. आता एकच संधी."

सासूबाईंनी हळूच मान वळवून काचेकडे पाहिलं. मामंजींचं ओरडणं थांबलं. ते आतून दोन्ही हात हलवायला लागले. दार उघड म्हणतायत की तोंड उघडू नको म्हणतायत, कळेना.

बेर्मेतला मात्र कळलं. दर शुक्रवारी त्यांना विधवा सायराबाईंकडे नेऊन दारात गाडी तीच तर उभी करायची.

"कुठे गं जातात?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी काचेवरून घसरत खाली गेले. टोपी तेवढी दिसत राहिली.

बेर्मेतने डोळे मिटले, डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरलं आणि म्हणाली, "तोलोमुश असानोव."

दारं खटकन उघडली. मामंजी बिटासारखे लाल होऊन धुळीत पडले. सुनेने त्यांच्या तोंडावर पाण्याची अख्खी बादली ओतली. त्यांनी श्वास घेतला, डोळे उघडले आणि सुनेकडे पाहिलं.

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं, मामंजी."

"ते राहू दे," सासूबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. बादली आता त्यांच्या हातात होती. "मशीद चूक कशी, ते सांगा आधी."

मामंजींनी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. मग ते गुडघ्यांवर रांगत गाडीत परत चढले आणि आतून दार ओढून घेतलं.