शुक्रवारचा फोन

मुलुंडच्या त्या तीन मजली इमारतीत १९८६ साली फोन एकच होता, दुसऱ्या मजल्यावर उत्तरा टीचरकडे. सात वर्षं थांबून मिळालेला. सगळी बिल्डिंग तिचाच नंबर पीपी, म्हणजे शेजारच्यांकडचा फोन, म्हणून द्यायची. तळमजल्यावरच्या वनमालाचा नवरा दशरथ, संपात गिरणीची नोकरी गेल्यावर, फिटर म्हणून मस्कतला गेला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. वनमाला सातच्या आधीच येऊन फोनजवळच्या खुर्चीत बसायची, आणि फोन येईपर्यंत उत्तरा, तिचा नवरा, घरातले सगळे दबक्या आवाजात बोलायचे.

उत्तरा तोंडाने कधी काही बोलली नाही. पण शुक्रवारी दुपारपासूनच तिला चैन पडत नसे. आवरलेलं कपाट ती पुन्हा आवरायची, घड्याळ बघायची.

त्या गुरुवारी ट्यूशनला आलेल्या शकुने, वनमालाच्या नववीतल्या मुलीने, विचारलं, "टीचर, इंट्रूड म्हणजे?"

"नको असताना मध्येच घुसणं."

"वाक्यात उपयोग सांगा ना."

उत्तरा पेपर तपासत होती. मान वर न करता ती बोलून गेली, "अवर नेबर इंट्रूड्स एव्हरी फ्रायडे."

शकुने वाक्य लिहून घेतलं. मग तिचं पेन थांबलं.

"अगं, उदाहरण आहे नुसतं," उत्तरा घाईघाईने म्हणाली. शकु वही मिटून निघून गेली.

शुक्रवारी सात वाजले, सव्वासात झाले. खुर्ची रिकामीच. उत्तरा गॅलरीत गेली, आत आली, पुन्हा गेली. फोन वाजला तशी ती कठड्यावरून ओरडली, "वनमाला, फोन!"

खालून शकुने डोकं बाहेर काढलं. "आई म्हणते, घरी नाही म्हणून सांगा."

उत्तराने रिसीव्हर उचलला. "त्या जरा बाहेर गेल्यात. काही निरोप?"

पलीकडे खरखर. मग दशरथचा आवाज आला. "बरं झालं वहिनी, तुम्हीच भेटलात. मी गणपतीला येत नाही. रजा नाही मिळाली, एवढंच सांगा तिला."

"बरं."

"मशीनमध्ये हात गेला माझा. दोन बोटं गेली. ते मात्र सांगू नका हां. घाबरेल ती."

फोन कट झाला. उत्तराने रिसीव्हर खाली ठेवला. ज्या माणसाला तिने जिन्यात येता-जाता ओझरतंच पाहिलं होतं, त्याचं गुपित आता तिच्या घरात होतं. दहा मिनिटं ती स्वयंपाकघरात नुसती येरझारा घालत राहिली. मग गॅस बंद करून खाली गेली.

वनमाला तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"वनमाला, कालच्या त्या वाक्याचं…"

"ते असू दे. काय म्हणाले?"

"गणपतीला येत नाहीत. रजा नाही मिळाली."

"आवाज कसा होता?"

"खरखर फार होती," उत्तरा म्हणाली. वनमालाने ताट बाजूला सारलं. "वहिनी, तीन वर्षं मी त्या आवाजावर दिवस काढतेय. खरं काय ते सांगा."

उत्तराने सांगून टाकलं. वनमाला रडली नाही. तिने फक्त विचारलं, "कुठला हात?"

"मी… विचारलंच नाही गं."

वनमाला उठली. देवाच्या फोटोमागून तिने एक चिठोरी काढली. तिच्यावर मस्कतच्या कॅम्पचा नंबर होता. "लावून द्याल?"

दोघी वर आल्या. उत्तराने कॉल बुक केला. तासभर लाइन मिळाली नाही. वनमाला खुर्चीत न बसता फोनपाशी उभीच राहिली. उत्तराने केलेला चहा तसाच निवून गेला. घंटा वाजली तशी उत्तरा नवऱ्याला घेऊन गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. लाइन खराब होती. वनमालाला ओरडावंच लागत होतं.

"खंयचो हात? अहो, उजवो की डावो?"

मग वनमाला म्हणाली, "डावो. बरां. पत्र लिवा आता, स्वतःच्या हातान."