डावा पाय, किल्लीसकट

मी एक पाय बोलतोय. डावा. दचकू नका, रक्तामांसाचा नाही, लाकडाचा. बूट शिवताना चामडं ज्याच्यावर ताणून ठोकून बसवतात ना, तो साचा. टाचेला भोक, भोकात साखळी, साखळीला किल्ली, आणि तळव्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : संडास. हसलात? हसा. या कारखान्यात सगळेच हसतात.

मी जन्मलो तेव्हा असा नव्हतो. टणक, वर्षानुवर्षं वाळवलेल्या लाकडातून लाकूड कातणाऱ्या कारागिराने मला कोरलं, काचकागदाने घासून गुळगुळीत केलं आणि माझ्याशेजारी माझा उजवा भाऊ ठेवला. कारखान्यात आमच्या अंगावर किती बूट चढले आणि उतरले, याचा हिशोब मी ठेवला नाही. ज्यांनी ते घातले ते चालत गेले असतील, नाचले असतील, कुणाला लाथा घातल्या असतील. आम्हाला काय त्याचं! आम्ही आपले ताठ उभे.

मग एके दिवशी उजवा खाली पडला आणि चवड्यापासून टाचेपर्यंत चिरफाळला. एकट्या डाव्या पायाला कारखान्यात कोण विचारतो? मला वाटलं, आता रवानगी शेगडीत. तेवढ्यात मुकादमाची नजर माझ्यावर पडली. मुकादम म्हणजे हॉलवर देखरेख करणारा, मान आखडलेला, कायम जॅकेट घातलेला माणूस. तो म्हणाला, "संडासाची किल्ली लोक खिशात टाकून विसरतात. हिला हा पाय बांधा. बघू कुणाच्या खिशात मावतो ते!"

झालं. सरदाराचा हुजऱ्या झाला. मुकादमाच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर मी लटकलो तो आजपर्यंत.

नियमही त्यानेच काढला. ज्याला जायचंय त्याने जागेवर उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मुकादम, पाय!" मग अख्ख्या हॉलने एका सुरात उत्तर द्यायचं, "धर आणि पळ!" सुरुवातीला ही गंमत होती. दिवसभर चामड्यात सुई खुपसून कंटाळलेल्या माणसांना तेवढाच विरंगुळा. बायका तोंडाला पदर लावून जायच्या, पुरुष मला तलवारीसारखं मिरवत न्यायचे. ज्याला दिवसातून एकदाच जायचंय त्याला कसली आलीय लाज!

पण एकाला एकदा जाऊन भागत नसे.

तो बुटाच्या वरच्या चामड्याची शिलाई करायचा. काय हात होता! टाका मोजून मापून, जणू मुंग्यांची रांग. त्याची बायको पलीकडच्या बाकावर तळव्यांना डिंक लावायची. दोघांचं बरं चाललं होतं. मग त्याचं पोट बिघडलं. बिघडलं म्हणजे काय, फिरलंच. कधी कळ, कधी फुगारा, जाऊन आला तरी झालंय असं वाटायचं नाही, आणि जायची वेळ आली की दम म्हणून निघायचा नाही. मशीनवरून उठायचा तेव्हा चेहरा पांढराफटक. "मुकादम, पाय." "धर आणि पळ!" परत यायचा, बसायचा, दोरा ओवायचा, आणि पुन्हा उभा. हॉलमध्ये खिदळ्या म्हणून एक पोरगेलासा कारागीर होता, नावाप्रमाणे खिदळणारा. त्याने याचं बारसं केलं : टमरेल. दुसऱ्या दिवसापासून त्याचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

टमरेल डॉक्टरकडे गेला. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चोख निघाल्या. त्याने आनंदाने येऊन सांगितलं तर मुकादम म्हणाला, "रिपोर्ट चांगला आला ना? मग दुखणं कसलं? कामचुकारपणाला औषध नाही बाबा."

"डॉक्टर म्हणाले, आतडी चिडकी झालीत," टमरेल म्हणाला. "दिसत नाही, पण असतं."

"आमची पण डोकी चिडकी आहेत. आम्ही काय दर तासाला फिरायला जातो?"

हॉल हसला. मुकादम हसला की हसायचं असतं, नाहीतर पुढचा नंबर आपला.

बिचाऱ्याने काय काय केलं नाही! दूध सोडलं. चहा सोडला. मग कांदा. एकेक वस्तू सोडून बघायचा, चार दिवस थांबायचा, पोट काय म्हणतं ते ऐकायचा. डब्यात मऊ भात आणि उकडलेला बटाटा, तोही सावकाश चावून. कोमट पाण्याची बाटली मशीनच्या पायाशी. बायको म्हणायची, "अहो, माणसासारखं जेवा तरी." तो म्हणायचा, "माणसासारखं जगायला मिळतंय का ते आधी बघतो."

आणि खरंच फरक पडू लागला. फक्त एक अडचण उरली, ती म्हणजे मी. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो मुकादमाकडे आला, अगदी हात जोडून.

"मुकादम, एक विनंती आहे. किल्ली कुलपालाच लावून ठेवू या का? डॉक्टर म्हणतात निम्मं दुखणं भीतीचं आहे. दार उघडं आहे हे माहीत असलं की पोट गप्प बसतं. उभं राहून मागायचंय, सगळे ओरडणार आहेत, एवढं नुसतं मनात आलं तरी कळ येते. तुमची शपथ, मी आत्ता जातो त्याच्या निम्म्यानेही जाणार नाही."

मुकादमाने डबा बंद केला. "तुझ्या एकट्याच्या पोटासाठी कारखान्याचे नियम बदलू? उद्या म्हणशील मशीनखालीच भांडं ठेवा."

मला मुकादमाचा राग का येतो, ते आता ऐका. मी त्याच्या डोक्यामागे लटकतो. त्याचं पोट कसं गुरगुरतं ते माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात माझ्या किल्लीची जुळी बहीण आहे. कळ आली की हा उठतो, कपाळावर घाम, आणि ऐटीत म्हणतो, "जरा पाण्याची मोटार बघून येतो." मोटार संडासामागच्या बोळात. कोण कशाला बघायला जातंय! दिवसातून कितीदा मोटार बघायचा, देवच जाणे. वर रोज दुपारी एक गोळी, आणि कुणी विचारलं तर, "ताकदीची आहे." दुखणं तेच, गोळीही बहुधा तीच. फक्त याच्या खिशात किल्ली होती आणि त्याच्या नशिबी मी.

वाटेल तेवढा विचार करूनही मला हे समजलं नाही, की ज्याला कळ माहीत आहे तो दुसऱ्याच्या कळेवर इतका हसतो कसा. मग ध्यानात आलं, की न हसला तर कुणीतरी त्याच्याकडे बघेल.

अशात मालकांनी हॉलमध्ये येऊन सांगितलं, की बाहेरून मोठी गिऱ्हाइकं येणार आहेत, त्यांच्यासमोर हातशिलाई करून दाखवायची. ज्याचं काम पसंत पडेल त्याला नमुन्याचा कारागीर करणार. नवे नमुने एकट्याने बनवायचे, माडीवरच्या खोलीत, मालकांच्या खोलीला लागून. आणि त्या खोलीला स्वतंत्र संडास होता. कुलूप नाही, किल्ली नाही, नुसती आतून कडी.

टमरेलाचे डोळे कसे चमकले! पगाराचं त्याने विचारलंसुद्धा नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "कडी आहे गं. नुसती कडी." ती डिंकाच्या हातांनी डोळे पुसायला गेली आणि पापणीच चिकटवून बसली. दोघं हसली. त्या हॉलमध्ये मी पाहिलेलं ते एकच चांगलं हसू.

शिलाईसाठी मालकांनी त्यालाच निवडलं. दुसऱ्या कुणाचा हात तसा नव्हताच.

तो दिवस उजाडला. टमरेलाने आदल्या संध्याकाळपासून अन्नाला शिवलं नव्हतं. हॉल झाडून लख्ख. मुकादमाने नवं जॅकेट घातलेलं. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "पाहुण्यांपुढे हे ध्यान नको," म्हणत त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि टेबलाच्या खणात कोंबलं. माझी टाच मोठी, खण पूर्ण मिटेना. त्या फटीतून मला जे दिसलं ते सांगतो.

पाहुणे आले, मालक आले. टमरेल मधोमध स्टुलावर, गुडघ्यांमध्ये बूट धरून, एका हातात आरी, दुसऱ्यात सुई. पाहुणे वाकून बघतायत. मालक छाती काढून उभे. पहिली रांग झाली तेव्हा एका पाहुण्याने वाहवा केली. दुसरी रांग निम्म्यावर आली आणि त्याचा हात थांबला. मी ओळखलं. त्याने मान वर केली, खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा.

तो हळूच म्हणाला, "मुकादम, पाय."

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. मालक समोर होते ना! सगळे मुकादमाकडे बघू लागले. खण उघडायचा तर पाहुण्यांदेखत मला बाहेर काढावं लागणार. पण त्याची काही गरजच नव्हती. मुकादमाचा हात जॅकेटच्या आत गेला. मी किल्ली वाजलेली ऐकली, शपथेवर सांगतो. दोन पावलं पुढे जाऊन मुठीतून मुठीत ती सरकवली असती तरी काम झालं असतं. पण मग लोक विचारतील, तुमच्याकडे कुठून आली?

हात आतच राहिला. मुकादम गोड हसून म्हणाला, "पाच मिनिटं दम धर की. पाहुणे काय म्हणतील?"

त्याने दम धरला. दात आवळले, आणखी तीन टाके घातले, आणि ते तीनही सरळ होते. मग तो उठायला गेला, आणि उठता उठता जे व्हायचं ते झालं.

पाहुणे मागे सरले. एकाने नाकाला रुमाल लावला. मालकांची मान खाली. तेवढ्यात खिदळ्याचा आवाज आला, "टमरेल फुटलं!"

हॉल फुटला. मशीनवर हात आपटून हसले लोक. आणि त्या हसण्यात एक हसू त्याच्या बायकोचं होतं. घाबरली की तिला हसू आवरत नाही, हे मला माहीत आहे, मशीनमध्ये एकाचं बोट गेलं तेव्हाही ती अशीच हसली होती आणि मग चक्कर येऊन पडली होती. पण त्या क्षणी हे त्याला कोण सांगणार? त्याने सगळ्यांना सोडून तिच्याकडेच पाहिलं.

माडीवरची खोली दुसऱ्या कुणाला मिळाली. काही दिवसांनी तो आपली हत्यारं न्यायला आला. तोवर मी पुन्हा खिळ्यावर. त्याने आरी घेतली, रापी घेतली, फडक्यात बांधली. मुकादमाला राहवलं नाही. "काय, जाता जाता पाय हवाय का?"

हॉल हसायच्या तयारीत होता. टमरेल टेबलाजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "हा नको. तुमच्या खिशातली द्या."

मुकादमाचा चेहरा उतरला.

"तुम्ही मोटार बघायला जाता तेव्हा मोटार बंद असते, मुकादम. आणि डॉक्टरच्या बाकावर टोपी तोंडावर ओढून बसलं म्हणून माणूस ओळखू येत नाही असं नाही. मी कधी कुणाला बोललो? मला वाटायचं, वेळ आली तर हा माणूस तरी देईल. याला तरी ठाऊक आहे."

एवढं बोलून तो गेला. बायको दारापर्यंत मागे धावली, "अहो, ऐका ना," पण तो थांबला नाही.

तुम्हाला वाटेल, मग हॉलला लाज वाटली असेल. कसली लाज! खिदळ्या लगेच म्हणाला, "म्हणजे हे मोठं टमरेल!" आणि पुन्हा तेच हसू, तितकंच मोठं. माणसांना हसायला कुणीतरी लागतं. कोण आहे याचं त्यांना सोयरसुतक नसतं. गोष्ट मालकांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी मुकादमाची खुर्ची काढून घेतली, जॅकेटातली किल्लीही काढून घेतली आणि त्याला मशीनवर बसवलं. खुर्चीत खिदळ्या बसला.

टमरेल आता घराच्या पायरीवर बसून लोकांचे बूट दुरुस्त करतो. बायकोच सांगते बाकीच्यांना. दार मागेच, उघडं. पोट बरंच शांत आहे म्हणे. भात जातो, थोडी भाजी जाते. तिच्याशी मात्र तो कामापुरतंच बोलतो. आणि नियमाप्रमाणे हॉल ओरडतो तेव्हा सगळ्यात मोठा आवाज तिचाच असतो.

माझं म्हणाल तर मी झिजलो. तळव्यावरची अक्षरं पुसट झाली, खिदळ्याने ती पुन्हा रंगवून घेतली. तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या शाळेत, कचेरीत, दुकानात असा एखादा खिळा असेल तर तो उपटा. मला शेगडीत घाला, मी चांगला जळेन. पण किल्ली दारालाच राहू द्या, आणि कुणी उठून गेलं तर आपल्या कामाकडे बघा. त्याच्या पोटाला तेवढं पुरेल.

थांबा, कुणीतरी उभं राहिलंय. जुना मुकादम. चेहरा पांढराफटक, एक हात पोटावर.

"मुकादम, पाय."

"धर आणि पळ!" सगळ्यांच्या वर टमरेलाच्या बायकोचा आवाज.

खिदळ्याने हात मागे नेला, मला नुसतं चाचपलं, आणि खिळ्यावर तसंच राहू दिलं.

"पाच मिनिटं दम धर की," तो म्हणाला.